सुनंदाच्या गाडीनं अकोल्याला

मंगळवारी सकाळी मी चहा ठेवला आणि सुनंदाला हाक मारली. ती उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. दुपारी तिची आई अकोल्याहून आली. संध्याकाळी आम्ही सुनंदाला नेलं.

पुढचं सगळं इतरांनी केलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिच्याबरोबर आरोग्य खात्यात काम केलेल्या बाया धारणीहून जीप करून आल्या, रडल्या, आणि अंधार पडायच्या आत घाट चढायचा म्हणून जेवून लगेच निघाल्या. मग तिची आईही अकोल्याला परत गेली. ती ऐंशीच्या पुढची, एकटी. सुनंदा तिचं एकुलतं एक अपत्य. आम्हाला मूल नाही. म्हणजे अमरावतीत एक माणूस आणि अकोल्यात एक माणूस, एवढंच आमचं कुटुंब उरलं.

मी फोनवर म्हणालो, "आई, तुम्ही इकडेच या राहायला."

त्यांनी आधी माझं जेवण झालं का ते विचारलं. मग म्हणाल्या, "मले न्यायचं असंन तं तिच्या गाडीत न्या. त्या एस्टीत मी बसत नाई. अन् ड्रायव्हर आनू नका कोनी."

मला तो होकार वाटला. म्हणून हा प्रवास.

अमरावती ते अकोला हे काही वर्णन लिहिण्याजोगं अंतर नाही. लोक सकाळी जातात, कचेरीतलं काम आटोपतात आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतात. मला जाऊन यायला चार दिवस लागले.

अमरावती

गाडी म्हणजे पद्मिनी. फिकट हिरवी, दारांना खालून गंज. सुनंदानं ती धारणीला असताना बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. तिच्या हाताखाली पसरलेली गावं होती आणि बसच्या भरवशावर लसी पोचत नाहीत असं तिचं म्हणणं होतं. सेमाडोहच्या वळणांवर, पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवर तिनं ही गाडी चालवली. मी कॉलेजात मराठी शिकवत असे. सुट्टीत तिच्याकडे गेलो की डावीकडच्या सीटवर बसून वाचत असे. लायसन्स माझ्याकडेही होतं. ते कपाटात होतं.

तिची उंची कमी. तिच्या आईनं जुन्या लुगड्याच्या घड्या घालून एक जाड उशी शिवून दिली होती, त्यावर बसून ती चालवायची. मी ती उशी उचलून मागच्या सीटवर ठेवली, कारण तिच्यावर बसलं की माझं डोकं छताला लागत होतं.

गावातून बडनेऱ्यापर्यंत काही जाणवलं नाही. गावात वेग नसतो. महामार्गावर लागलो आणि गाडी आपल्या मनानं उजवीकडे निघाली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, काही झालं नाही. आणखी फिरवलं, तरी नाही. मग एकदम ती डावीकडे गेली, नको तेवढी. मागून आलेल्या ट्रकनं असा हॉर्न दिला की माझ्या पाठीत तो कितीतरी वेळ होता.

मग मला सुनंदाचे हात दिसले. गाडी चालवताना तिचे हात सतत हलत असत, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, रस्ता सरळ असला तरी. मी एकदा म्हणालो होतो, "रस्ता सरळ आहे, हात कशाला हलवतेस?" ती म्हणाली होती, "तू वाच." इतकी वर्षं मला ती तिची लकब वाटत होती, काही लोक बोलताना पाय हलवतात तशी.

मी तसे हात हलवून पाहिले. गाडी जरा बरी चालली. पण तिला ते कधी आणि किती हे माहीत होतं. मला नव्हतं. ट्रक जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं गाडी सरकायची आणि मी उशिरा हात फिरवायचो. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे खांदे भरून आले होते.

मूर्तिजापूर

तिथं छोट्या रेल्वेगाडीचे जुने रूळ आहेत. त्यांच्यात आता गवत आहे आणि गवतात शेळ्या. रस्त्याच्या कडेला टायर लटकवलेलं एक गॅरेज दिसलं तिथं मी थांबलो. मेकॅनिक चाळिशीतला होता. गाडी पाहून खूश झाला. त्यानं फोन काढून तिचा फोटो काढला आणि मग मला विचारलं, "काय झालं, काका?"

"स्टिअरिंग सैल आहे."

"टेन्शन नका घेऊ. चहा या पिऊन."

मी समोर चहा घेतला, गरम आलुबोंडा घेतला आणि अर्धा तसाच ठेवला. बरेच दिवस माझं खाणं अर्ध्यावरच थांबतंय. परत आलो तर काम झालंही होतं. स्टिअरिंगचा दांडा खाली ज्या डब्यात जातो, त्या डब्यावर एक स्क्रू असतो. त्यानं तो कसला होता.

"फिरवून पाहा. हाये का खेळ?"

नव्हता. स्टिअरिंग एवढं घट्ट झालं होतं की मला बरं वाटलं. त्यानं पाठीवर थाप मारली. "जुनी गाडी हाये, काका. हिले कसून ठेवा लागते."

सरळ रस्त्यावर तो म्हणाला ते खरं ठरलं. गाडी सरळ जात होती. मी बऱ्याच दिवसांनी आजूबाजूला पाहिलं. तुरी पिवळ्या पडायला आल्या होत्या, हरभऱ्याला घाटे धरले होते. खारपाणपट्ट्यातली ही काळी जमीन उन्हात नेहमी थोडी पांढुरकी दिसते, विहिरीच्या काठांवर मीठ फुटल्यासारखी. इथलं पाणी चहालाही चालत नाही, सुनंदा धारणीहून कॅन भरून आईसाठी नेत असे.

बोरगावच्या आधी मी एका ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी डावीकडे वळलो. वळलो ते बरोबर. पण स्टिअरिंग परत येईना. ते तिथंच अडकलं. मी दोन्ही हातांनी ओढलं, ब्रेक दाबला, आणि गाडी अत्यंत सावकाशपणे, काही घाई नसल्यासारखी, रस्त्याची कड उतरून तुरीत शिरली.

इंजिन बंद पडलं. बोनेटवर शेंगा पडल्या होत्या. शेंगा तोडणाऱ्या दोघी उभ्या राहून पाहत होत्या. त्यातली मोठी बाई म्हणाली, "भाऊ, नांगरायचं असंन तं ट्रॅक्टर आना लागते."

दुसरी हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. "लागलं का तुमाले?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिले?"

मला ते कळलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हणालो, "धूळ आहे." तिनं मान हलवली, धूळ नव्हती तरी. त्यांनी वरच्या शेतातून दोन माणसं बोलावली. सगळ्यांनी मागून ढकललं, मी आत बसून सगळा जोर लावून चाक सरळ केलं, आणि गाडी वर आली. मोडलेल्या झाडांबद्दल मी काही द्यायला गेलो तर मोठी बाई म्हणाली, "ठेवा, ठेवा. चार झाडं मोडली. हळू जाजा." पदरातल्या ओंजळभर शेंगा तिनं डावीकडच्या सीटवर टाकल्या.

तिथून अकोल्यापर्यंत मी सायकलच्या वेगानं गेलो. सायकली मला मागे टाकून जात होत्या.

अकोला

आई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुपारपासून बसल्या असाव्यात. मी उतरलो तेव्हा त्यांनी माझ्याआधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाप्पा! कसे दिसून राहिले तुमी, जवाईबापू. जेवत नाई का?"

"जेवतो."

"दिसते."

त्यांच्याकडे जावयाला अजून पाट मांडतात. आमच्या घरी ते केव्हाच गेलं. मी जेवेपर्यंत त्या जेवणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सगळं खाल्लं. सोल्यांची, म्हणजे हिरव्या तुरीच्या दाण्यांची, आमटी होती, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बाईनं दिलेल्या शेंगा त्यांनी मिठाच्या पाण्यात उकडल्या. आम्ही त्या सोलत बसलो. टरफलांचा ढीग दोघांच्या मध्ये वाढत गेला. सुनंदाचं नाव आम्ही काढलं नाही.

त्यांच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. लेकीच्या घरी फुकट खायचं नाही. अमरावतीला येताना त्या स्वतःच्या ज्वारीच्या पिठाची पिशवी आणायच्या. पीठ संपलं की जायच्या. सुनंदा चिडायची, हसायची, एकदा तिनं त्या पिशवीत आमच्या डब्यातलं पीठ गुपचूप भरलं होतं. आईंनी पहिल्याच भाकरीला ओळखलं. "हे माहं जातं नाई," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बस धरली.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पाहिलं. पिठाचा डबा त्याच जागी होता. पिशवी भरलेली नव्हती. मला वाटलं, कायमचं यायचं तर पिशवी कशाला भरतील.

"उद्या गाडी दाखवतो," मी म्हणालो. "परवा निघू."

"रशीदकडे न्या. तिची गाडी तोच पाहे. मी बी येतो."

रशीदभाईंचं गॅरेज

रशीदभाई रेल्वेपुलाच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. गाडीचा आवाज ऐकूनच बाहेर आले आणि हसत म्हणाले, "आज तो दिवाळी नही, दीदी कशा आल्या?" मग त्यांना मी दिसलो.

आई दार उघडत होत्या. त्यांनीच सांगितलं. "ती नाई आता, रशीद."

रशीदभाईंनी हातातलं फडकं ठेवलं. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही हात उघडे धरून ओठांतल्या ओठांत दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि आईंसाठी स्टूल आणलं. मग स्टिअरिंग थोडं फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ये किसने कसला, सर?"

"मूर्तिजापूरला."

"तुमाले माराचं होतं का त्याले?" ते खरंच संतापले होते. "सर, गाडी जास्त करून सीधी चालते ना, तं डब्यातला वर्म, तो आतला पेच, बीचमें घिसते. कोन्यात घिसत नाही. बीचचं माप धरून कसला, तं कोन्यात जाऊन अटकते."

त्यांनी स्क्रू ढिला केला. सैलपणा परत आला, पहिल्याइतकाच. आता तो कुठून येतो ते शोधायचं होतं. त्यासाठी तीन माणसं लागतात. चाकं जमिनीवरच ठेवायची. एकानं आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहायचं, एकानं खाली आडवं होऊन एकेका जोडावर हात ठेवायचा, आणि एकानं चाकाकडे पाहायचं. त्यांचा माणूस लग्नाला गेला होता. म्हणून मी आत, रशीदभाई खाली, आणि आई चाकाजवळ स्टुलावर.

"सर, चाय ढवळल्यासारखं नको. ताकद लावा. मावशी, चाक हाललं की बोला."

मी फिरवलं.

"नाई," आई म्हणाल्या. "नाई... नाई... आता हाललं. बाप्पा, एवढा हात फिरला तवा त्याले जाग आली."

असं कितीतरी वेळ चाललं. खालून रशीदभाईंचा आवाज येई, "हा जोड चांगला. हा मीच टाकला. हा बी चांगला." शेवटी ते बाहेर आले आणि पाय पसरून बसले. "डब्बाच गेला, सर. नया मिळत नाही. नागपूरच्या भंगारात पाहू, मिळाला तं मिळाला. हायवेवर आता ही गाडी चालवू नका. अन् मावशीले घेऊन तं बिल्कुल नाही."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. मला गाडीची तशी काळजी नव्हती. पण आई दुसऱ्या कशानं येणार नव्हत्या, आणि मी रिकाम्या घरात एकटा परत जाणार होतो, हे मला त्या शेडमध्ये स्वच्छ दिसलं. मी उगाच हात हलवत राहिलो, डावीकडे, उजवीकडे.

आई उठून उघड्या बोनेटपाशी आल्या होत्या. "रशीद, हे इकडचं काहून उड्या मारून राहिलं?"

"कोनतं, मावशी?"

"हे. त्यांनी हात हलवला की वर उडते."

रशीदभाई उठले. डब्याच्या बरोबर समोर, इंजिनाच्या डाव्या अंगाला, एक लोखंडी हात असतो. त्याला ते आयडलर म्हणतात. तो स्वतः काही वळवत नाही, उजवीकडची हालचाल डाव्या चाकाकडे पोचवतो एवढंच. त्याच्या आतली बुश, म्हणजे ज्यात तो फिरतो ती नळी, झिजली होती. माझ्या हाताची हालचाल आधी तिथं वाया जात होती आणि मगच चाकापर्यंत पोचत होती. रशीदभाईंनी खालून हात लावला की त्यांच्याच हाताच्या दाबानं तो स्थिर राहत होता, म्हणून त्यांना सापडला नव्हता.

ते मोठ्यानं हसले. "मावशी, उद्यापासून जेवनाचा डब्बा घेऊन कामाले या. ही बुश माझीच हाय. दिवाळीची घाई, रबराची टाकून दिली होती." मग हसणं थांबवून माझ्याकडे वळून म्हणाले, "दीदीले मी मागल्या दिवाळीत बोललो होतो सर, की दोन दिवस गाडी ठेवा, खेळ वाढला. तं म्हणाल्या, रशीदभाई, मला अंदाज आहे."

अंदाज तिच्या हातात होता. गाडी मला त्याच्याशिवाय मिळाली.

लेथवाल्याकडून पितळेसारख्या गनमेटलची बुश करून घ्यायला तो दिवस गेला आणि दुसरा अर्धा. मग रशीदभाईंनी गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणून चाकं सरळ आहेत का पाहिलं, एक डोळा मिटून, जसा गवंडी भिंत पाहतो. शेवटी मला आत बसवलं.

मी फिरवलं. चाक लगेच हललं. तरी थोडं अंतर राहिलं होतं.

"थोडा खेळ आहे अजून."

"दोन बोटं. तो राहणारच, सर. तेवढा नाही ठेवला, तं वळणावर पुन्हा तुरीत जाल."

मोर्णेपर्यंत

त्या संध्याकाळी आई म्हणाल्या, "चला, फिरवा मले."

त्या डावीकडे बसल्या, माझ्या जागेवर. बसल्यावर आजूबाजूला पाहून म्हणाल्या, "इथं तुमी बसत होते नं? मंग पुस्तक कुठं हाये?" मी मोर्णा नदीच्या पुलापर्यंत गेलो. पुलावर दुचाक्यांची गर्दी होती, खाली पाणी थोडं आणि जलपर्णी पुष्कळ. मी कडेला गाडी उभी केली. त्यांनी काच खाली केली आणि डॅशबोर्डवरून हात फिरवला, जसा जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

"मी येत नाई, जवाईबापू."

मी इंजिन बंद केलं. नंतर म्हणालो, "मग गाडी कशाला मागवली?"

"बसाचं होतं एकदा. बसली."

"घरी कुणी नाही, आई. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

"मले हाये. सकाळी दारात चार बाया येते, भांडते, जाते. तिथं काय? तुमी पुस्तक घेऊन बसान अन् मी भितीकडे पाहीन." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अन् मी कोनाच्या घरी राहू? ती होती तं लेकीचं घर होतं. पीठ आनून मी तिथं किती दिवस खाईन?"

"आता तो नियम कशाला?"

"माहा नियम हाये. ती गेली म्हनून तो बी जाईन का?"

पुलावर दिवे लागले. आईंनी वळून मागच्या सीटवरची उशी घेतली आणि मांडीवर ठेवली. एका कोपऱ्यातली शिवण उसवली होती, ती त्यांनी बोटानं चाचपली. "हे ठेवतो माह्याकडं," म्हणाल्या. "तुमाले बी लागत नाई."

मी गाडी सुरू केली.

परत

येताना गाडी सरळ चालली. ट्रक जवळून गेले तरी हलली नाही. माझे हात जाताना शिकलेले तसे हलायला पाहत होते, त्यांना थांबवावं लागत होतं. बोरगावपाशी मोडलेली झाडं ओळखू आली, शेतात कोणी नव्हतं. मूर्तिजापूरच्या मेकॅनिकनं मला पाहून हात उंच केला. मीही केला. जेवणाच्या वेळेला मी घरी होतो. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, डाव्या सीटवरून आईंनी दिलेली शेंगांची पिशवी आणली. पाणी ठेवलं, मीठ टाकलं.

आता एक शनिवार सोडून एका शनिवारी मी अकोल्याला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"हे काय आनलं?"

"ज्वारीचं पीठ. दोन दिवसांचं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पिशवी घेतली, त्यातलं चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाडं दळते तुमचा गिरणीवाला." त्या पिठाच्या भाकरी त्यांनी मला वाढल्या आणि स्वतः त्यांच्या पिठाची खाल्ली.

गाडी माझ्याकडे आहे, उशी त्यांच्याकडे. स्टिअरिंगला दोन बोटं खेळ आहे.